दोघांत मिळून एक नाक

नातीचा पुढचा दात पडला आणि तो तिनं सफरचंदाच्या फोडीबरोबर गिळून टाकला, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच वर्षी वसंतात तिच्या आजोबांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना त्यांचा वास घेऊन गेला. दाताचा बोभाटा घरभर झाला. नाकाचा पत्ता मात्र आजोबांनी कुणाला लागू दिला नाही.

तसं नाक जागेवरच होतं. चांगलं लांब, धारदार, टोकाशी जरासं झुकलेलं. बिघडलं होतं ते आतलं काम. गुलाब हुंगला काय आणि मोजा हुंगला काय, सारखंच. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू एवढं कळायचं. त्यापलीकडचा सगळा कारभार बंद.

दुसऱ्या कुणाचा वास गेला असता तर त्यानं चार लोकांना सांगून हळहळ तरी वसूल केली असती. पण आजोबांनी जन्म काढला होता चहाच्या वखारीत, चहा चाखायच्या कामावर. उत्तरेच्या खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर ओळीनं पांढरे पेले, आणि शेजारी कमरेएवढी पत्र्याची थुंकदाणी. एकेक चमचा तोंडात ओढायचा तो असा भुरका मारून, की पलीकडच्या खोलीतला नवा कारकून खुर्चीतून उठून उभा राहायचा. मग थुंकायचं आणि निकाल द्यायचा. पेल्यांवर कसलीही चिठ्ठी नसायची. "चिठ्ठी वाचून चव सांगतो तो चाखणारा नव्हे, पोस्टमन," असं ते म्हणत. वखारीत त्यांना नाकसाहेब म्हणायचे, आणि निवृत्त झाल्यावर ते नाव त्यांच्या मागोमाग जिना चढून घरी आलं.

निकालाचे शब्द तीनच. अंग, तेज आणि शेपूट. तोंडात भरल्यासारखा वाटला तर चहाला अंग आहे. जीभ जागी झाली तर तेज आहे. आणि गिळल्यावर जी चव मागे रेंगाळते ती शेपूट. घरातही हीच भाषा. लेक लहानपणापासून दुधाला, सरबताला, एवढंच काय खोकल्याच्या औषधालाही शेपूट आहे की नाही ते सांगायची. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा नाकसाहेबांनी त्याच्यापुढे बिनचिठ्ठीचे पेले मांडले होते. बिचाऱ्याला घाम फुटला. पण लेकीनं जिन्यातच पढवून ठेवलं होतं. त्यानं भुरका मारला, डोळे मिटले आणि म्हणाला, "शेपूट लांब आहे." लग्न ठरलं.

पेल्यांचाच नियम घरच्या मसाल्याच्या बरण्यांना. सगळ्या एकसारख्या, काचेच्या, आणि एकीवरही नाव नाही. झाकण उघडायचं, नाक न्यायचं, कळतंच. आता कळत नव्हतं.

नाकसाहेबांबरोबर त्यांची थोरली बहीण राहायची, आक्का. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होती. उभी राहिली की अजूनही पाय जरा फाकवून उभी राहायची, जमीन कधी वळण घेईल याचा भरवसा नसल्यासारखी. डेपोतला गार डबा खाऊन खाऊन तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं, असं घरात सगळे धरून चालले होते. एकदा तिनं सरबत समजून व्हिनेगर पिऊन टाकलं होतं आणि "जरा आंबट झालंय" एवढंच म्हणाली होती. तेव्हापासून नाकसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या आक्काची जीभ म्हणजे चपलेचा तळ." लोक हसायचे. आक्काही हसायची, पण तेवढ्यापुरती.

लेक विमा कंपनीत होती. जळालेल्या घरांची पाहणी करायचं तिचं काम. रोज कुठल्या ना कुठल्या काळ्या पडलेल्या स्वयंपाकघरात उभी राहून यायची, आणि बापाच्या स्वयंपाकघरात आली की पहिल्यांदा गॅसच्या नळीकडे बघायची.

"बाबा, सगळीकडे एकच वाक्य ऐकते मी," ती म्हणायची. "वास आलाच नाही हो, कळलंच नाही हो. तुमच्या नाकावर विश्वास आहे म्हणून ही शेगडी इथे आहे. ज्या दिवशी तो उडेल, त्या दिवशी मी पाना घेऊन येईन."

नुसती धमकी नव्हती. कपाटावर एक खोका तिनं आधीच आणून ठेवला होता. आत विजेची शेगडी. ती आपली आपण तापायची, आपली आपण बंद व्हायची, आणि मनाविरुद्ध काही झालं की टुकटुक करायची.

नाकसाहेबांना तो खोका डोळ्यांसमोर नको असायचा. बायको गेल्यापासून सकाळी उठायचं एकच कारण उरलं होतं. काडी ओढायची, निळी ज्योत लागलेली बघायची, आणि तिच्यावर चहा ठेवायचा. ज्योत गेली तर उठून करायचं काय? खोक्यातल्या त्या टुकटुक्याला शुभ सकाळ म्हणायचं?

म्हणून ते गप्प राहिले. नाकावर माशी बसू न देणाऱ्या माणसाला आता नाकाखाली काय चाललंय तेही कळत नव्हतं.

पकडलं आक्कानं. आधी एकदा दूध करपलं. ती बाहेरून धावत आली.

"नाक्या, घर पेटवतोस का?"

"मुद्दाम लावलंय. खरपूस," नाकसाहेब म्हणाले आणि काळ्या पातेल्याकडे अभिमानानं बघत राहिले.

दोन दिवसांनी ती फरशी पुसत होती आणि नाकसाहेब पेपर वाचत होते. तिनं एक छोटी बाटली त्यांच्या नाकाखाली धरली.

"खालच्या मजल्यावरच्या बाईनं गुलाबपाणी दिलंय. बघ बरं कसं आहे."

नाकसाहेबांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढला. डोळे मिटून लांब श्वास ओढला.

"अंग हलकं आहे," ते म्हणाले. "तेज बरं. शेपूट... गुलाबाचीच, पण जरा उशिरा येते."

आक्का बादलीशेजारी फरशीवर बसलीच. पोट धरून हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली.

"फिनेल आहे, मेल्या!"

नाकसाहेबांनी चष्मा परत घातला. पेपर उलटा धरला गेला हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"कधीपासून?" आक्का म्हणाली.

"काय कधीपासून?"

"हे बघ, बिनतिकिटाचा माणूस मी पाठीवरून ओळखायची. तू तर माझ्याकडे तोंड करून बसलायस. कधीपासून?"

"तापापासून," नाकसाहेब पेपरामागून म्हणाले. "पोरीला सांगू नकोस. ती शेगडी काढून नेईल."

आक्कानं फडकं पिळलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटत गेलं ते नाकसाहेबांना लहानपणापासून ओळखीचं होतं. त्याच चेहऱ्यानं तिनं एकदा त्यांच्या बुटात बेडूक ठेवला होता.

"नाही सांगत. वर आजपासून माझं नाक तुला वापरायला देते. पण तिकीट पडेल."

"काय पाहिजे?"

"शरदाचा चहा करशील तेव्हा मी आत बसणार."

नाकसाहेबांचा चेहरा पडला. शरदाचा चहा म्हणजे त्यांचा वर्षाचा खेळ. काही वर्षांपूर्वी लेकीनं कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातून कागदी पेल्यात एक लाटे आणली होती. पानगळीची खास, मसाल्याची, वर फेस. नाकसाहेबांनी भुरका मारला, बेसिनमध्ये थुंकले आणि म्हणाले, "हिच्यात चहा औषधालाही नाही. थांबा, चहा घालून करून दाखवतो." तेव्हापासून समोरच्या रस्त्यावरची झाडं पिवळी पडली की एका रविवारी सगळे जमायचे आणि नाकसाहेब तो चहा करायचे. करताना स्वयंपाकघरात कुणीही जायचं नाही, असा दंडक होता.

"बरं. बस आत," ते म्हणाले.

"आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, आक्काला नाक आहे म्हणून."

"आक्का!"

"चपलेचा तळ सगळ्यांसमोरच म्हणतोस ना? मग हेही सगळ्यांसमोरच."

नाकसाहेबांनी पेपर आणखी वर धरला. शेवटी त्यामागून आवाज आला, "चहा नीट झाला तर म्हणेन."

"टण् टण्," आक्का म्हणाली.

त्यांची खूण तिथूनच ठरली. आक्का खिडकीशी स्टुलावर विणकाम घेऊन बसायची, शेजारी स्टीलचा पेला. दोन वेळा सुई वाजली की चल, पुढे हो, अजून घाल. एकदा वाजली की थांब. बसची घंटा जशी, तशीच. उन्हाळाभर त्यांनी सराव केला. दूध लागायला आलं की टण्. लवंग भाजली गेली की टण्. दालचिनी कमी पडली की टण् टण्. समोरच्या घरातल्या शिक्षकानं एकदा जिन्यात विचारलंही, "तुमच्याकडे शिकवणी सुरू केलीय का?" आक्का म्हणाली, "हो, एकच विद्यार्थी आहे. डोक्यानं जरा कमी."

नाकसाहेबांना राग यायचा, पण चहा चांगला व्हायला लागला होता. आणि आक्काच्या नाकाबद्दल त्यांना जे दिसत होतं ते पचवणं त्यांना जड जात होतं. जायफळ जुनं झालंय हे तिनं बरणी उघडायच्या आधी सांगितलं होतं. इतकी वर्षं त्यांनी जिला चपलेचा तळ ठरवलं, तिनं कधी तक्रार केली नव्हती एवढंच. कळत नव्हतं असं नव्हे.

"बरण्यांवर नावं लिहू या का?" तिनं एकदा विचारलं.

"लेकीनं पाहिलं तर तिथेच संपलं," नाकसाहेब म्हणाले. तेही खरंच होतं.

झाडं पिवळी पडली. रविवार ठरला. त्या सकाळी नाकसाहेब लवकर उठले, पातेली घासून पुसून ठेवली, आणि आक्काला हाक मारली.

"आक्का, दूध आणलंस का?"

"आडलं," आतून आवाज आला.

"काय?"

"आडलं बडलं! बहिरा झालास का?"

नाकसाहेब तिच्या दारात जाऊन उभे राहिले. आक्का पलंगावर बसली होती. डोळे लाल, नाक लाल, हातात रुमाल.

"तुला सर्दी झालीय."

"बाझ्या डाकाला काही झालेलं डाही," आक्का म्हणाली आणि सात मजले हलतील अशी शिंकली.

नाकसाहेबांनी दाराची चौकट धरली. दोघांत मिळून एक नाक, आणि तेही चोंदलेलं. नको बोलावायला, कळवून टाकू, असं म्हणत ते फोनकडे वळले, तोवर जिन्यात नातीचे पाय वाजले. ती नेहमी दोन दोन पायऱ्या चढायची आणि प्रत्येक उडीला काहीतरी ओरडायची.

"आता?" नाकसाहेब कुजबुजले.

आक्कानं रुमाल कंबरेला खोचला. "बस डिघाली की डिघाली. चल."

लेक आली तशी थेट आत येऊन तिनं नळी बघितली, मग कपाटावरचा खोका बघितला, मग बापाकडे बघितलं. जावई मागे उभा होता. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. त्यामुळे कुणी काही ओतायला लागलं, उचलायला लागलं, की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीत ब्रेक दाबायचा.

"या वर्षी आत्या आत?" लेकीनं विचारलं. "दंडक मोडला की काय?"

"गुडघे," आक्का तोंडावर रुमाल धरून म्हणाली. "ऊब लागते." लेकीनं मान डोलावली आणि दार ओढून घेतलं.

नाकसाहेबांनी काडी ओढली. ज्योत लागली. ती दिसली तसे ते जरा सावरले. कोरड्या तव्यावर त्यांनी दालचिनी, लवंगा, वेलदोडे आणि चक्रीफूल टाकलं. सांगायला नाक नव्हतं, पण लवंग भाजली की फुगते आणि दालचिनी भाजली की बोटांत कडक लागते, ते डोळ्यांना, हातांना ठाऊक होतं. खलबत्त्यात कुटलं. जायफळ किसलं. चहा उकळला तो दाट, लाकडाच्या रंगाचा होईपर्यंत. उकडून गाळलेला लाल भोपळा एक चमचा टाकला, अंगासाठी. तपकिरी साखर टाकली. आक्का मधूनमधून टण् टण् करत होती.

"कशावरून?" नाकसाहेबांनी हळूच विचारलं.

"तुला धीर यावा म्हडूड," ती म्हणाली.

राहिली सुंठ. फळीवर पांढरट पुडीच्या बरण्या दोन होत्या, शेजारी शेजारी. एक सुंठ. दुसरी आक्कानं सूपात घालायला आणलेली कसलीशी पूड. तिनंच ती तशाच बरणीत भरली होती, ओळ सारखी दिसावी म्हणून.

"सुंठ कुठली?"

आक्कानं एक बरणी नाकाशी धरली. सगळी ताकद लावून श्वास ओढला. नुसती शिट्टी वाजली. दुसरी धरली. पुन्हा शिट्टी. बाहेरून जावयाचा आवाज आला, "बाबा, कपबशा मांडू का?"

आक्कानं दोन्ही बरण्यांकडे बघितलं, जशी ती गर्दीच्या बसमध्ये दोघांपैकी तिकीट कुणी काढलेलं नाही ते बघायची. मग पुढची बरणी नाकसाहेबांच्या हातात दिली आणि टण् टण् केलं. नाकसाहेबांनी सढळ हातानं घातली.

वाफ उठली. दाराच्या फटीतून बाहेर गेली. बाहेर क्षणभर शांतता झाली, आणि मग जावई जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला, "वा! सुटला बघा वास!"

दूध कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवलं. झाकणाच्या मोठ्या बरणीत भरलं, टॉवेलात गुंडाळलं आणि नाकसाहेबांनी ते खांद्याशी धरून घुसळलं. बरणीत फेस चढला. चहा पेल्यांत ओतला, वर दूध, त्यावर चमच्यानं फेस, फेसावर चिमूटभर दालचिनी. दिसायला देखणं प्रकरण झालं. मागच्या कुठल्याही वर्षापेक्षा देखणं.

ट्रे बाहेर आला तसा जावयानं ब्रेक दाबला. सगळे बसले. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी एकदमच भुरका मारला.



लेकीनं घोट तोंडात इकडून तिकडे फिरवला. जावयाचे डोळे जरा मोठे झाले आणि तसेच राहिले. नात फेस चाटत होती, तिचं खाली काय आहे इकडे लक्षच नव्हतं. आक्का तोंडानं श्वास घेत पीत होती आणि तिला गोड लागत होतं. नाकसाहेबांनाही गोड लागत होतं. त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"अंग आहे," शेवटी लेक म्हणाली.

"भरपूर आहे," जावई म्हणाला. "भरपूर."

"आणि तेज," लेकीनं वर भर घातली. "या वर्षी तेज निराळंच आहे, बाबा. असं... धीट."

जावई मागे राहणारा नव्हता. त्यानं अजून एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि लग्न ठरवताना काढला होता तोच सूर काढला. "पण खरी मजा शेपटीत आहे. काय लांब आहे हो! उद्या सकाळपर्यंत जाणार नाही. बाबा, थर्मासमध्ये थोडा द्या. सोमवारी शिकाऊ पोरांना पाजतो."

नाकसाहेबांच्या जिवात जीव आला. ते खुर्चीत मागे टेकले. एवढंच नव्हे, त्यांनी पायावर पाय टाकला, आणि मुलांना शिकवावं तशा सुरात म्हणाले, "सुंठीचा हात आहे तो. सुंठ किती घालायची हे हाताला कळावं लागतं."

आक्कानं पेला तोंडाशी धरला होता. गरम वाफ तिच्या लाल नाकाभोवती फिरत होती. आणि नेमकी तेव्हाच, सकाळपासून बंद असलेली तिची एक नाकपुडी फट्दिशी उघडली.

तिनं पेल्यात बघितलं. पुन्हा एकदा हुंगलं. सूपाची पूड होती ती. लसणाची.

जावई थर्मास शोधायला उठला होता. लेक आपला पेला हातात फिरवत बापाकडे बघायला लागली होती, आणि ती नजर आक्कानं ओळखली. जळक्या घरात भिंतीकडे बघत असेल ती अशीच. कुठून सुरुवात झाली असेल, असं विचारत. अजून एक घोट, आणि ती बोलणार. कपाटावरचा खोका खाली येणार.

टण्.

एकदाच, पण असा सणसणीत की सगळे थांबले. जावयाचा पाय जमिनीत गेला.

"पेले खाली," आक्का म्हणाली. आवाज मोकळा झाला होता, डेपोतला. "जावईबापू, काय म्हणालात? शेपूट?"

"लांब आहे," जावई म्हणाला.

"लसणाची आहे ती."

नाकसाहेबांना लसणाबद्दल तेव्हा पहिल्यांदा कळलं, सगळ्यांच्या बरोबरीनं.

"दर वर्षी येता," आक्का पुढे सुटली, "अंग, तेज, शेपूट, अंग, तेज, शेपूट. पुढ्यात साबणाचं पाणी ठेवलं तरी म्हणाल तेज आहे! नाक्या म्हणाला, आक्का, या वर्षी बघू या कुणाच्या तोंडाला खरंच जीभ आहे. पेला भरून लसूण पाजला तुम्हाला, आणि तुम्ही थर्मास मागताय!"

"बाबा?" लेक म्हणाली.

सगळे नाकसाहेबांकडे बघायला लागले. वखारीत व्यापारी असेच बघायचे, चहा आवडला की नाही ते चेहऱ्यावरून ताडायला, आणि नाकसाहेबांच्या चेहऱ्यावर कधी रेघ हलली नव्हती. तो चेहरा आज कामाला आला. त्यांनी पेला बशीत ठेवला.

"इतकी वर्षं वाट बघतोय," ते म्हणाले, "एकजण तरी थुंकेल म्हणून."

जावई बेसिनकडे पळाला. लेकीनं तोंडावर हात दाबला आणि तिच्या खांद्यांवरून कळलं की ती हसतेय. मग काही आवरेना. जावई आतून ओरडत होता, "मला पहिल्याच घोटाला कळलं होतं!" आणि लेक ओरडत होती, "मग धीट का म्हणू दिलंस मला?" नात विचारत होती, अजून फेस मिळेल का.

"काय घर आहे," नाकसाहेब मान हलवत म्हणाले. "या घरात नाक एकट्या आक्काला आहे."

सगळे पुन्हा हसले. त्यांना तो टोमणा वाटला. आक्का हसली नाही. तिनं सुई उचलली, विणकामात डोकं घातलं आणि उगीचच एक टाका उसवून पुन्हा घातला. तिकिटाचे पैसे पोचले होते.

मग आक्कानं उघड्या नाकपुडीनं सुंठ शोधून दिली, नाकसाहेबांनी चहा पुन्हा केला, आणि तो कसा झालाय ते सांगायची कुणाची छाती झाली नाही. सगळे नुसते प्यायले. जावयानं दोनदा मागून घेतला.

निघताना लेक दारात रेंगाळली. नात आणि जावई खाली पोचले होते. नाकसाहेब आत घुसळायची बरणी धूत होते, पण नळ बारीक होता.

"आत्या," लेक म्हणाली.

"काय गं?"

"तुला सर्दी झाली की मला फोन करत जा."

आक्कानं तिच्याकडे बघितलं. "कशाला?"

"सूप घेऊन येईन," लेक म्हणाली. "लसणाचं." तिनं वळून कपाटावरच्या खोक्याकडे एकदा बघितलं. "तो राहू दे अजून वर."

आणि ती जिना उतरून गेली. आत नाकसाहेबांनी नळ बंद केला. ती बरणी त्यांनी पुढे बराच वेळ पुसली. कोरडी झाल्यावरही पुसतच होते.

"ऐकलंस?" आक्कानं आत येऊन विचारलं.

"कान शाबूत आहेत माझे," नाकसाहेब म्हणाले.

त्या हिवाळ्यात आक्काला दोनदा सर्दी झाली. दोन्ही वेळा तिनं फोन केला, दोन्ही वेळा लेक आली, शेगडीशी स्वतः उभी राहिली आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही. पुढच्या वर्षीची पानगळ आक्कानं बघितली. तेव्हाचा चहा चांगला झाला. जावयानं भुरका मारला, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "आत्याबाई, आधी तुम्ही सांगा." आक्का म्हणाली, "चांगला आहे." एवढाच निकाल त्या वर्षी.

आक्का गेल्यावर चौथ्या दिवशी लेक आली, तेव्हा नाकसाहेब स्वयंपाकघरात उभे होते. स्टूल खिडकीशीच होतं. त्यांच्या हातात आक्काची विणायची सुई होती. त्यांनी ती स्टीलच्या पेल्यावर एकदा वाजवली, मग खाली वाकले आणि गॅसची चावी फिरवून बंद केली.

"कपाटावरचा खोका काढ," ते म्हणाले. "माझा हात पुरत नाही."

"बाबा, मी काही म्हटलेलं नाही."

"तू नाही म्हटलंस. घरातलं नाक गेलं, म्हणून म्हणतोय मी."

लेकीनं खोका खाली काढला. विजेची शेगडी मांडली. ती तापली, बंद झाली, टुकटुकली. तिच्यावर दोघांनी चहा केला. नाकसाहेबांनी भुरका मारला आणि लेकीला विचारलं, "कसा झालाय?" लेकीनं खरं सांगितलं. साखर जास्त झाली होती.

आक्का गेली ती नातीला पुढचा दात पुन्हा आला त्या वर्षी, पानगळ संपता संपता, दुपारच्या झोपेत. नाकसाहेब तिच्यानंतर दोन वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेले.